बिनमोरचुदाची खळ

खळ शिजवणं दिसायला सोपं काम आहे. मैदा पाण्यात कालवायचा, मंद आचेवर ठेवायचा आणि हात थांबवायचा नाही, बस्स. पण हात थांबवायचा नाही हेच तर माणसाला जमत नाही. मन जरा इकडेतिकडे गेलं की खळीत गाठ धरते, आणि गाठीची खळ पुस्तकाच्या पाठीला लागली की ते पुस्तक जन्मभर कुबड घेऊन फिरतं. माईंच्या खळीत कधी गाठ धरली नाही. लग्न होऊन बाइंडरच्या घरात आल्या तेव्हापासून नवऱ्यानं फर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांचे जुडगे, शिवायचे, पुठ्ठा चढवायचा, आणि खळ माईंची, ही वाटणी ठरलेली. ढवळताना त्या प्रार्थनेतलं एखादं पद गुणगुणायच्या. पद संपलं की खळ झाली, इतका हिशेब बसलेला.

आणि भांडं उतरवताना शेवटी एक चिमूट मोरचूद. निळाशार खडा कुटून त्याची पूड माईंनी घट्ट झाकणाच्या डबीत ठेवलेली असे. लेक लहान असताना ती डबी फळीच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात असायची, कारण ते विष. पण त्या विषावाचून खळ टिकत नाही. दोन दिवसांत आंबते, बुरशी धरते, आणि पुस्तकात कसर शिरते. कुणी विचारलं तर माई म्हणायच्या, "मैदा गोड असतो बाबा. गोडाला राखण कडूचीच लागते."

असं म्हणणाऱ्या माईंनी एक दिवस मोरचूद टाकायचं थांबवलं. तेही आळसानं नाही, विसरून नाही. मायेपोटी.

बाइंडरचा डावा डोळा काचबिंदूनं कधीच नेला होता. घरफोड्यासारखा गुपचूप आला, ना दुखणं ना लाली, आणि कळलं तेव्हा घर रिकामं होतं. उरला उजवा. त्या एका डोळ्यावर माणसानं एवढी वर्षं दुकान चालवलं. मग त्याही डोळ्यावर मोतीबिंदूचा पडदा येऊ लागला. आधी सुईत दोरा ओवायला माईंना हाक. मग ओवलेली सुई कागदाऐवजी अंगठ्यात. आणि एकदा एक गिऱ्हाईक पुस्तक घेऊन परत आलं. मधला एक फर्मा उलटा शिवलेला, डोकं खाली पाय वर. गिऱ्हाईक बिचारं हसून बोललं, "काका, हे पान वाचायला मला शीर्षासन करावं लागेल." बाइंडरही हसला. पण गिऱ्हाईक गेल्यावर ते पुस्तक मांडीवर घेऊन तो बराच वेळ नुसता बसून राहिला, आणि माईंनी तेव्हाच ठरवलं की आता ऑपरेशन करायचं.

थोरली लेक त्याच गावात राही. बोलायला फटकळ, मनानं सोनं. ती लगेच म्हणाली, "ऑपरेशननंतर बाबा माझ्याकडे राहतील."

"का गं? हे घर काय पडलंय?"

"आई, इथं कागदाची धूळ, पुठ्ठ्याचा कचरा, सगळीकडे तुझी ती खळ. माझ्याकडे स्वच्छ खोली आहे, गरम पाणी आहे, फ्रीज आहे—"

"बाबांना काय फ्रीजमध्ये ठेवायचंय?" माई म्हणाल्या.

बाइंडर खो खो हसला. लेकही हसली, आणि हसता हसता हरली. त्या हसण्यावर माई जिंकल्या. नवऱ्याची सेवा आपल्या हातानं करायची, लेकीच्याही हाती द्यायची नाही, हा त्यांचा हट्ट. देवाच्या पायाशी ठेवलं तर हेही प्रेमच आहे. पण प्रेमातला हट्ट देवाला दिसतो तेवढा माणसाला दिसत नाही.

ऑपरेशन छान झालं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई थोरलीच्याच वयाच्या, शांत, हसऱ्या. त्यांनी पट्टी काढली. बाइंडरनं पापण्या उघडमीट केल्या आणि समोर बघत म्हणाला, "ही कोण म्हातारी?"

"तुमचीच," माई म्हणाल्या.

"असं होय! मी म्हटलं, माझी बायको गेली कुठं आणि हिची आई कशी आली!"

नर्स हसल्या, डॉक्टरीणबाई हसल्या, माईंनी पदर तोंडाला लावला. बाइंडर मात्र बघतच राहिला. माईंच्या कानामागची सुरकुती, केसांतला पांढरा पट्टा, ओठांवरचा तीळ. तीळ बघून तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "हा आहे अजून." एवढंच. पण त्या एवढ्याशा वाक्यात माईंना सगळं ऑपरेशन वसूल झालं.

डॉक्टरीणबाईंनी सूचना दिल्या. थेंब घालण्याआधी हात साबणानं धुवायचे. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, चोळायचा तर मुळीच नाही. आणि बाटली थंड जागी ठेवायची. माईंनी त्या सूचना जपासारख्या घोकल्या. घरी येऊन हात इतके धुतले की बोटांची सालं निघायची वेळ आली.

आता थंड जागा. घरातला फ्रीज बंद पडून जमाना झाला होता. त्याच्यात दोऱ्याची रिळं आणि रेक्झिनचे ताव नांदत होते. पण माईंच्या घरात थंड जागा नव्हती असं थोडंच आहे! खिडकीखाली पसरट घमेलं, त्यात पाणी, पाण्यात खळीचं भांडं, आणि भांड्याभोवती ओलं फडकं गुंडाळलेलं. भर उन्हाळ्यातही तिथं हात लावला तर गारवा लागे. आयुष्यभर माईंना "थंड जागा" म्हणजे तीच ठाऊक. त्यांनी औषधाची बाटली त्या ओल्या फडक्याच्या घडीत, भांड्याला टेकवून, तान्ह्या बाळाला झोळीत ठेवावं तशी ठेवली.

मग थेंबांचा नेम सुरू झाला. माईंच्या चपलांची फटक फटक ऐकू आली की बाइंडर खुर्चीत मान मागे टाकायचा, डोळा उघडायचा, आणि डोळ्याबरोबर तोंडही आपोआप उघडायचं. घरट्यातलं पिल्लू जसं.

"तोंड मिटा," माई म्हणायच्या. "डोळ्यात घालायचंय."

"मला वाटलं, आज काही गोड आहे."

रोजचं हेच. प्रत्येक वेळी हेच. आणि प्रत्येक वेळी दोघंही नव्यानं हसायची. इतक्या वर्षांच्या संसारात एकमेकांच्या तोंडाकडे इतक्या जवळून बघायची वेळ कुणाला मिळते? ती त्या थेंबांनी मिळवून दिली.

दुकान मात्र बंद ठेवून चालणार नव्हतं. प्रार्थनाघरातलं गीतांचं जुनं पोथीएवढं जाड पुस्तक आलं होतं, पानं सुटलेलं, पाठ फाटलेलं. तिथले गाणारे बुवा स्वतः घेऊन आले होते. हे बुवा आधी पद गायचे, मग त्या पदावर गोष्ट सांगायचे, मग पुन्हा पद, आणि गोष्ट ऐकून आल्यावर तेच पद दुसरंच कुठलं तरी वाटायचं. बाइंडर दर आठवड्याला पहिल्या रांगेत बसून ऐकायचा आणि हमखास रडायचा. बुवा म्हणाले होते, "काका, घाई नाही. तुमचा डोळा बरा झाला की तुमच्याच हातून होऊ दे." पण माईंनी मनात धरलं, ह्यांना बसल्या बसल्या आनंद देऊ. सुई आपण घेऊ, डोळा ह्यांचा.

"डावीकडून घे. अगं डावीकडून! तुझा डावा हात बदलला की काय?"

"गप्प बसा हो. डोळा आला नि बोलायला लागलात."

"टाका तिरपा गेला."

"जाऊ दे. देवाच्या पुस्तकात एक तिरपा टाका देव चालवून घेईल."

"देव घेईल. बुवा नाही घ्यायचे."

असं चाललेलं. त्यातच पहिल्या दिवशी माई मोरचूद कुटायला बसल्या तेव्हा वाऱ्यानं पूड उडाली. बाइंडरच्या डोळ्याला खळकन पाणी आलं. झालं. माईंनी डबी बंद केली ती बंदच. "तुमचा डोळा बरा होईपर्यंत ह्याला सुट्टी."

"खळ आंबेल गं."

"आंबू दे. नवी शिजवीन. मैदा काय सोन्याचा आहे?"

पण बोलणं सोपं असतं. शिवण, गिऱ्हाईक, घर, थेंब. रोज नवी खळ कुठून शिजायला? जुनीच्यावर थोडी नवी ओतायची, ढवळायची, चालवायची. एकदा थेंब घालून परत ठेवताना बाटलीचं टोपण घमेल्यात पडलं. माईंनी ते पाण्यातून उचललं, झटकलं, पदराला पुसलं आणि बाटलीला लावलं. हात स्वच्छ धुतलेले होते. त्या समाधानात होत्या.

एका सकाळी बाइंडर उठला तो डोळ्यावर हात धरूनच. "अगं, दिवा लाव की."

खिडकीतून ऊन आत आलेलं.

डोळा लाल, पापणी सुजलेली, बुबुळाच्या खालच्या कडेशी पांढरट साय धरल्यासारखं काहीतरी. थोरली धावत आली, रिक्षा आली, हॉस्पिटल आलं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा प्रथमच हसरा नव्हता. त्यांनी डोळ्यातलं पाणी सुईनं काढून तपासायला पाठवलं आणि त्याच वेळी डोळ्यात औषधाचं इंजेक्शन दिलं. माई बाहेर भिंतीला टेकून उभ्या होत्या. आतून बाइंडरचा आवाज आला नाही. तो मुकाट सोसणारा माणूस. माईंनाच वाटलं, ओरडला असता तर बरं झालं असतं.

पुढं डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. नमुना एका ताटलीत पेरतात आणि काय उगवतं त्याची वाट बघतात.

"म्हणजे शेतीच की," पट्टीखालून बाइंडर म्हणाला.

"शेतीच. आणि उगवलंय. हा जंतू आपल्या सगळ्यांच्या पापणीवर, कातडीवर राहतो काका. बाहेर असतो तोवर शेजारी, आत शिरला की दरोडेखोर. आम्ही कितीही काळजी घेतली तरी हजारांत एखाद्याच्या डोळ्यात शिरतोच. कुणाची चूक नाही. पण सापडलाय, आणि त्याच्यावर औषध आहे."

कुणाची चूक नाही! माईंनी हात जोडले. औषध लागू पडलं, लाली उतरली. बाइंडरला बोटं दिसू लागली, मग माईंच्या लुगड्याचा रंग, मग दाराची चौकट. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी नव्या औषधांबरोबर सूज उतरवणारा तो जुना थेंबही चालू ठेवायला सांगितला. ती बाटली घरात अर्धी शिल्लक होती. फडक्याच्या घडीत, गार. माईंनी तीच काढली.

"तोंड मिटा."

"आज तरी गोड आहे का?"

पण या वेळी डोळा सुधारता सुधारता अडला, आणि मग मागे फिरला. दाराची चौकट गेली. लुगड्याचा रंग गेला. पुन्हा हॉस्पिटल. डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून फार वेळ बघितलं. मग त्या उठल्या, माईंच्या शेजारी येऊन बसल्या. माणूस वाईट सांगायचं असलं की असाच शेजारी येऊन बसतो.

"आत कापसासारखे पुंजके दिसताहेत," त्या म्हणाल्या. "आम्ही तपासाची ताटली लगेच टाकत नाही, ठेवून देतो. तिच्यात आता दुसरं काहीतरी उगवलंय. बुरशी. आणि हा नमुना पहिल्याच दिवसाचा आहे. म्हणजे दोघं बरोबरच होते आत. पहिला भराभर वाढला, दंगा केला, आमचं सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे गेलं. हा त्याच्या आड बसून राहिला, हळूहळू पाय पसरत. आणि सूज उतरवायचा तो थेंब, तो बुरशीच्या पथ्यावर पडला."

"पण ही आली कुठून?" थोरलीनं विचारलं. "हीसुद्धा पापणीवरच असते?"

"नाही. ही बाहेरून येते. ओल, माती, कुजलेलं काही… माई, घरी थेंबांची ती बाटली आहे ना? घेऊन या. आम्हाला बघायचीय."

माई घरी आल्या. खोलीत ऊन होतं, खिडकीखाली घमेलं होतं, भांड्यावर ताटली झाकलेली होती. हॉस्पिटलात गेल्यापासून चार दिवस त्या भांड्याला कुणी हात लावला नव्हता. त्यांनी बाटली काढायला फडकं उलगडलं आणि उलगडता उलगडता ताटली सरकली.

खळीवर पांढरी लव आलेली. मऊ, दाट, कापसासारखी. मध्ये मध्ये राखाडी ठिपके. भांड्याच्या काठावरून ती लव बाहेर उतरली होती आणि फडक्याच्या ओल्या सुरकुत्यांत, जिथं बाटली निजलेली असायची, तिथपर्यंत आली होती. बाटलीच्या मानेशी, टोपणाच्या खालच्या चरीत, तोच मऊ पांढरा धागा.

माई तिथंच खाली बसल्या. बाजूला जड फळीच्या दाबाखाली गीतांचं पुस्तक होतं. त्यांनी न बघताच हात लावला. पाठीवर खळ लावलेली जागा बोटांना मखमलीसारखी लागली.

देवा, त्या म्हणाल्या. पुढं काही आलं नाही. एरवी देव म्हटलं की त्यांना पुढचं पद आपसूक आठवायचं.

बाटली पिशवीत घालून त्या हॉस्पिटलात परत गेल्या. वाटेत त्यांनी ठरवलं होतं, आत पाऊल टाकल्या टाकल्या सांगायचं. पण खोलीत डॉक्टरीणबाई होत्या, थोरली होती, आणि बाइंडर खाटेवर बसलेला होता, दोन्ही हात मांडीवर, शाळेतल्या मुलासारखा.

"आलात माई? बाटली कुठं ठेवत होता तुम्ही?"

प्रश्न साधा होता. आवाजात आरोप नव्हता. पण थोरलीची मान वळली. लेकीच्या त्या बघण्यात, माझ्याकडे फ्रीज होता आई, हे सगळंच्या सगळं होतं. माईंचा हात पिशवीत बाटलीवर गेला. तोंड उघडलं.

"तिला काय विचारता डॉक्टरीणबाई?" बाइंडर म्हणाला. "बाटली संपली, मीच टाकून दिली. आणि दोष बाटलीचा नाही. मी हावरट माणूस. ही बाजारात गेली की गुपचूप खळीत हात घालायचो, पुस्तकाची पाठ लावायचो. डोळ्याला खाज सुटायची. एकदोनदा तोच हात गेला डोळ्याला. चोळला."

"बाबा!" थोरली ओरडली. "चोळला? इतकं सांगूनसुद्धा?"

"म्हातारपण गं. हात कुठं ऐकतो."

माईंना ठाऊक होतं की हे खोटं आहे. त्यानं खळीला बोट लावलं नव्हतं. झोपेत हात जाऊ नये म्हणून तो रात्री हाताला मऊ फडकं बांधून घ्यायचा, स्वतःहून. ह्या माणसानं आयुष्यात एक उलटा फर्मा शिवला त्याचं दुःख महिनाभर केलं, तो डोळा चोळेल? माईंनी त्याच्याकडे बघितलं. तो त्यांच्याकडे बघत नव्हता. बघायला उरलं काय होतं?

पिशवीतली बाटली माईंच्या मुठीत तशीच राहिली.

मग जे शक्य होतं ते सगळं झालं. बुरशीचं औषध, पुन्हा इंजेक्शनं, डोळ्याच्या आतलं सगळं धुऊन काढायचं मोठं ऑपरेशन. डॉक्टरीणबाई हटल्या नाहीत. त्यांनी डोळ्याचा आकार वाचवला. शेवटी एका दुपारी त्यांनी डोळ्यापुढं बॅटरी धरली आणि विचारलं, "काका, उजेड आहे की नाही?"

"तुम्ही सांगाल तसं," बाइंडर म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी खिशात घातली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात काढायला त्यांना बराच वेळ लागला.

घरी आणल्यावर थोरली रोज यायची. बाबांना दारापासून खुर्चीपर्यंत, खुर्चीपासून न्हाणीपर्यंत चालायला शिकवायची, आणि शिकवताना तिच्या तोंडचा पट्टा सुटायचा. "एवढी साधी गोष्ट सांगितली होती, बाबा. हात लावू नका. एक गोष्ट! लहान मुलगासुद्धा ऐकतो." बाइंडर म्हणायचा, "चुकलं गं बाई." तिला रडू यायचं, ते लपवायला ती आणखी बोलायची, आणि तो आणखी म्हणायचा, "चुकलं." माई आत चुलीशी उभ्या राहून ऐकायच्या. दुसऱ्याच्या नावावरचं ओझं उचलून माणूस इतका सरळ कसा बसू शकतो, हे त्यांना समजायचं नाही.

एक दिवस थोरली गेल्यावर माई बाहेर आल्या आणि त्याच्या खुर्चीशी जमिनीवर बसल्या.

"अहो."

"हं."

"बाटली मी खळीच्या भांड्याशी ठेवत होते. ओल्या फडक्यात. आणि खळीत मोरचूद घातलं नव्हतं."

"ठाऊक आहे."

"टोपण घमेल्यात पडलं होतं. तसंच लावलं मी."

"ते नव्हतं ठाऊक," तो म्हणाला. "पण बाकीचं होतं."

"कधीपासून?"

बाइंडर हातानं खुर्चीचा दांडा चाचपत राहिला. "डोळ्यात थेंब घातला की घशात उतरतो, हे तुला माहीत आहे का? उतरतो. पहिल्यांदा कडू लागायचा. चांगला कडूजार. मग एक दिवस कडूपणात थोडा आंबूस लागला. आंबलेल्या खळीचा वास असतो ना, तसा. आयुष्यभर घेतलेला वास तो. मला कळणार नाही?"

"हे कधी? डोळा दुखायच्या आधी?"

"आधी. दोन-तीन दिवस असेल."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"तू यायचीस. तोंड मिटा म्हणायचीस. इतकी खूश असायचीस गं. थोरलीशी भांडून मला घरी ठेवून घेतलं होतंस. मला वाटलं, बोललो तर हिला वाटेल, हिचं चुकलं. तुझं तोंड मला नवीन डोळ्यानं दिसत होतं. ते उतरलेलं मला बघायचं नव्हतं. म्हटलं, एवढ्याशा आंबटपणानं काय होतंय."

माई उठल्या. त्यांना काही सुचेना. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेल्या, परत आल्या. मग एकदम त्यांचा आवाज चढला, इतका की त्यांनाच अनोळखी वाटला.

"एक शब्द बोलायचा होता! एकच! आंबट लागतंय, एवढंच! मी रुसले असते, रडले असते, दोन दिवस जेवले नसते. मग काय झालं असतं? डोळा असता ना! माझा रुसवा मोठा झाला तुम्हाला, डोळ्यापेक्षा?"

"हो," बाइंडर म्हणाला. मग म्हणाला, "चुकलं."

ते "चुकलं" थोरलीला म्हणायचा तसलं नव्हतं. हे खरं होतं. ऐकून माईंचा राग जागच्या जागी मोडून पडला, कारण रागावायचं कुणावर? माईंनी मायेपोटी खळीतून कडू काढलं, आणि त्यानं मायेपोटी बोलण्यातून. दोघांनी एकमेकांना गोडच गोड दिलं, आणि त्या गोडाला बुरशी धरली. हे सांगायचं तर कुणाला सांगायचं? कुठल्या डॉक्टरीणबाईंना? अशी ताटली कुठं आहे की तिच्यात हे पेरलं असतं तर वेळेवर उगवलं असतं?

माई त्याच्या गुडघ्यावर कपाळ टेकून रडल्या. त्याचा हात त्यांच्या केसांवर आला, कानामागे गेला, मग चुकतमाकत ओठांवर. बोटानं तो तीळ शोधत होता. तीळ बोटाला लागत नाही. तरी शोधत राहिला.

"थोरलीला मी सांगणार," माई म्हणाल्या. "उद्याच. तुम्ही बोलणी खायची नाहीत."

"सांग. पण माझंही सांग. अर्धं सांगू नको."

दुसऱ्या दिवशी माईंनी सांगितलं, सगळं. फटकळ थोरलीनं घमेलं उचललं, मागच्या मोरीवर नेलं, आणि बराच वेळ घासत बसली. भांडं घासायचा आवाज येत राहिला. मधूनच थांबायचा, मग पुन्हा यायचा. जाताना तिनं आईच्या हातात पिशवीतलं काहीतरी दिलं आणि डोळे न भिडवता गेली. मोरचुदाचा खडा होता, नवा, निळा. कागदात गुंडाळलेला.

गीतांचं पुस्तक बुवांना परत द्यायचंच होतं. माईंनी पाठ सोलून काढली, लव लागलेला कागद जाळला, फर्मे उन्हात घातले. मग चूल पेटवली. मैदा, पाणी, मंद आच. हात थांबवायचा नाही. पद गुणगुणायला त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. तेव्हा शेजारच्या खोलीतून बाइंडरनंच ते पद धरलं, घोगऱ्या आवाजात, ताल चुकवत. त्या पदाच्या अंदाजानं माई ढवळत राहिल्या. संपल्यावर भांडं उतरवलं आणि चिमूटभर मोरचूद टाकलं. पांढऱ्या खळीत निळा रंग क्षणभर दिसला आणि विरघळला.

हात धुतले. साबण लावून, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून. तसे धुवायची आता काही गरज नव्हती. हातांना मात्र तसंच धुवायची सवय लागली होती. पुसत पुसत त्या खुर्चीकडे निघाल्या. आज पुस्तक पुन्हा शिवायला घेते, तुम्ही बोटानं टाका तपासा, एवढंच सांगायला.

चपलांची फटक फटक त्याच्या कानावर गेली.

बाइंडरनं मान मागे टाकली. तो डोळा, ज्यात आता दिवस नव्हता न् रात्र नव्हती, त्यानं मोठा उघडला. आणि डोळ्याबरोबर तोंडही उघडलं, आपोआप.

माई जागीच उभ्या राहिल्या. हातात काही नव्हतं. बाटली नव्हती, थेंब नव्हता. तो मात्र तसाच थांबला होता, मान मागे टाकून, विश्वासानं, आत्ता काहीतरी पडेल म्हणून.

त्या जवळ गेल्या. ओले, गार हात त्याच्या दोन्ही गालांना लावले.

"तोंड मिटा," त्या म्हणाल्या.